शिळ्या पाण्याचा गारवा

मला अजूनही दुपारच्या झोपेत कूलरचा आवाज येतो. घरात कूलर नाही. मुलानं वरच्या खोलीत एसी लावलाय आणि मी खाली पंख्याखाली चटई टाकून पडतो. डोळा लागला की कुठंतरी गवतावरून पाणी ठिबकायला लागतं, पंखा घरघरतो आणि मागून तो वास येतो. थोडा वाळ्याचा, थोडा मातीचा, थोडा भिजलेल्या लाकडाचा. त्या वासावर तरंगत मी कुठल्या कुठं जातो. कधी अर्धापूरच्या केळीच्या बागेत, कधी देगलूरच्या बाजारात, कधी लातूरच्या एका खोलीत. लातूरची खोली आली की मात्र जाग येते आणि मग संध्याकाळपर्यंत झोप नाही.

मी हमीद. नांदेडात जुन्या गावात, नदीच्या अंगाला माझं पत्र्याचं दुकान होतं. वडील बादल्या, ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या बनवायचे. पुढं प्लास्टिक आलं, बादल्या गेल्या, लग्नातल्या ट्रंकाही गेल्या. मग मी कूलरचे डबे बनवायला लागलो. चाळीस उन्हाळे तेच केलं. ज्यांच्या घरी मी दर साली कूलरचं गवत बदलायचो त्या प्राध्यापकबाईंनी हे लिहायला बसवलं. म्हणाल्या, "हमीदभाई, घरातली हवा कशी खराब होते त्यावर दिवाळी अंकाला लिहा." मी म्हटलं, बाई, हवा बिचारी कशाला खराब होईल, ती आपण करतो. त्या म्हणाल्या, "हेच लिहा."

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कूलर म्हणजे पत्र्याचा डबा. तीन बाजूंना गवत, चौथ्या बाजूला पंखा, खाली पाण्याची टाकी. छोटी मोटर ते पाणी वर चढवते आणि गवतावर सोडते. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या गवतातून आत येते आणि गार होते. गवत म्हणतो खरं, पण ते लाकडाच्या बारीक तारा असतात. शौकीन माणूस त्यात वाळा घालतो. एवढंच यंत्र, लहान पोरालाही समजेल असं. पण ह्यातली एक गोष्ट चाळीस वर्षांत मी कुणाच्या डोक्यात उतरवू शकलो नाही. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी पाहिजे. ओली हवा आत आली, तर तिला बाहेर जायला वाट पाहिजे. आमचे लोक काय करतात? दारं लावतात, खिडक्या लावतात, फटीत फडकी कोंबतात. का, तर गारवा पळून जातो! आमच्या भागात गारवा ही पाहुण्यासारखी जपायची चीज आहे. मग ती ओल खोलीतच राहते. भिंतीत शिरते, गादीत शिरते, कपाटामागं जाऊन बसते. महिन्याभरात कुबट वास सुटतो आणि घरातल्या लोकांना तो येत नाही, कारण ते त्यातच निजतात. आम्हा बाहेरून येणाऱ्यांना तो दारातच येतो.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. पाच साल गवत बदलू देईनात. गवत काळं पडलेलं, हात लावला की चुरा व्हायचा. पण साहेब म्हणायचे, "मिस्त्री, ह्या वासानं मला लहानपणच्या सुट्ट्या आठवतात. डोळे मिटले की आंब्याच्या अढीजवळ निजल्यासारखं वाटतं." मला त्यांचं म्हणणं कळायचं. मीसुद्धा त्याच वासाचा गिऱ्हाईक. पण साहेब उठले की अर्धा तास खोकायचे आणि त्यांच्या उशामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठलेले. खोकला तंबाखूचा, असं ते सांगायचे. शेवटी ते गावी गेले तेव्हा त्यांच्या मंडळींनी मला गुपचूप बोलावलं. मी गवत बदललं, टाकी साबणानं घासून उन्हात वाळवली, भिंत नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्यानं पुसून काढली. साहेब परत आले आणि माझ्याशी बोलेनात. पुढं बाजारात भेटले तर म्हणाले, "खोकला कमी आहे मिस्त्री. पण झोप गेली." आता सांगा, मी चांगलं केलं की वाईट?

देगलूरचे एक भुसार व्यापारी होते, घरात तेलुगू बोलणारे. एकदा दुकानावर त्यांचा फोन आला. बायकोनं उचलला आणि तोंडाला पदर लावून माझ्या हातात दिला. पलीकडून शेठ ओरडत होते, "मिस्त्री, तुमच्या कूलरमधून लई वासना येऊन राहिली!" मी म्हटलं, शेठ, ह्या वयात? त्यांच्या भाषेत वासाला वासना म्हणतात, हे मला देगलूरला पोचल्यावर कळलं. वास मात्र खरंच भयंकर होता. शेठनी तो मारायला टाकीत केवडा ओतला होता, मग गुलाबपाणी, मग पुन्हा केवडा. कुबट वासावर अत्तर टाकलं की वास दुप्पट होतो आणि बुरशी जिथल्या तिथं राहते. शेठची नात सारखी शिंकत होती. गवत काढून फेकलं, खिडकी उघडली, आठ दिवसांत शिंका थांबल्या. शेठनी मला वैद्य म्हणायला सुरुवात केली आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

इथंच माझी चूक झाली असावी. चार ठिकाणी लोकांनी मान दिला की माणूस न विचारता सल्ले द्यायला लागतो.

अर्धापूरचे बळीरामदादा केळीवाले. त्यांच्या घरी माझे तीन कूलर. त्यांची मुलगी वैशाली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दादांनी तिला लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला ठेवायचं ठरवलं. आमच्याकडं ही आता रीतच झालीय. पोरगी लातूरला, सोबत आई, एक खोली भाड्यानं, बाप गावी शेतात. वैशालीसोबत तिची आई, रुक्मिणवहिनी गेल्या. वैशाली लहानपणी पावसाळ्यात थोडी दमायची, एवढं एक होतं. दादा म्हणाले, "हमीदभाई, पोरीच्या डोक्याला ऊन लागू नये. तुमच्या हातचा कूलर द्या."

मी स्वतः टेम्पोत बसून लातूरला गेलो. खोली लहान, दोन खिडक्या. एका खिडकीत कूलर बसवला. दुसरी शेजारच्या न्हाणीच्या बोळीत उघडायची, म्हणून वहिनींनी ती कायमची लावून टाकलेली. मी काही बोललो नाही. घाईत होतो, टेम्पोवाला खाली हॉर्न देत होता.

त्या साली लातुरात पाण्याची मोठी ओढ. नळाला कितीक दिवसांनी पाणी यायचं आणि लोक तांब्यासुद्धा भरून ठेवायचे. वहिनी काळजीत पडल्या. म्हणाल्या, "ह्या कूलरला रोज दोन बादल्या लागत्यात म्हणं. प्यायाला पुरंना झालंय, ह्याच्यात कुठून वतू?"

मी ऐटीत म्हणालो, "वहिनी, चांगलं पाणी कशाला? तांदूळ धुतलेलं ओता, डाळ धुतलेलं ओता, भाजीचं ओता. कूलरला काय कळतंय!"

वहिनी हसल्या. वैशाली पुस्तकातून मान वर करून हसली. मीही हसलो आणि टेम्पोत जाऊन बसलो. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात निदान शंभर जणांना सांगितलं असेल आणि दर वेळी मला वाटायचं की आपण पाण्याची केवढी बचत करून दिली.

दोन सालांनी, वैशालीच्या बारावीच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला दादा दुकानावर येऊन लातूरच्या कूलरला म्हणून गवत घेऊन गेले. परीक्षा जवळ आली आणि वहिनींचा फोन आला. मोटर बंद पडली, पोरीला उकडतंय, लवकर या.

लातूरच्या खोलीचं दार मी ढकललं आणि उंबऱ्यातच थांबलो. तसला वास मी देगलूरलासुद्धा घेतला नव्हता. आंबलेला, ओला, जड. त्यात उदबत्ती लावलेली. वहिनी म्हणाल्या, "या हमीदभाई. मोटर बंद हाय तरी खोली कशी गार हाय बघा." खोली गार होती खरी. भिंतीला हात लावला तर हात ओला झाला.

वैशाली पलंगावर उशांना टेकून बसली होती. मांडीवर पुस्तक. श्वास घेताना तिचे खांदे वर चढत होते आणि श्वासात बारीक शिट्टी वाजत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून थोडं थोडं," वहिनी म्हणाल्या. "आता लई वाढलं. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. समदे म्हणत्यात परीक्षेचं टेन्शन. एका डॉक्टरनं इचारलं, घरात ओल हाय का? मी म्हणलं, डॉक्टर, लातुरात प्यायाला पाणी न्हाई, ओल कुठून आणू?"

मी कूलरची बाजू उघडली. गवत काळं झालेलं आणि बुळबुळीत. टाकीच्या तळाशी बोटभर गाळ, त्यात तांदळाचे कण, डाळीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या. वर मळकट साय. वहिनी माझ्यामागं उभ्या होत्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

"एक थेंब वाया घालवला न्हाई बघा दोन सालात. समदं ह्याच्यातच. तुम्हीच तर सांगितलं व्हतं, कूलरला काय कळतंय."

मी कपाट ओढलं, तर मागची भिंत खालपासून छातीपर्यंत हिरवी-काळी. तळाशी ठेवलेल्या गोधडीवर पांढरी भुकटी. वैशालीच्या अकरावीच्या वह्यांना बुरशीनं चिकटवून टाकलेलं. ती बंद खिडकी मी उघडायला गेलो, ती फुगून अडकली होती, खांदा लावून ढकलावी लागली. "वहिनी," मी म्हटलं, "पोरीला आधी बाहेर काढा."

आम्ही तिला जिन्यात बसवलं. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं होतं, पण तिनं कोरड्या हवेचा श्वास घेतला आणि म्हणाली, "चाचा, इथं बरं वाटतंय."

मग रिक्षा करून दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नळीनं वाफ दिली, दम्याचा पंप तोंडानं कसा ओढायचा ते दाखवलं. मी त्यांना खोलीचं सगळं सांगितलं, टाकीतल्या पाण्यापासून कपाटामागच्या भिंतीपर्यंत. वहिनी तेव्हा पोरीजवळ आत होत्या. बाई म्हणाल्या, बुरशीतून डोळ्यांना न दिसणारे कण उडतात, ते सगळ्यांनाच बाधत नाहीत, कुणाला नुसत्या शिंका येतात, कुणाला खोकला. पण लहान बाळं, म्हातारी माणसं आणि ज्यांची छाती आधीच नाजूक आहे त्यांना त्या खोलीत निजवणं म्हणजे रोज थोडं थोडं आजारी पाडणं. मी विचारलं, हिचा दमा त्यानंच उठला का? त्या म्हणाल्या, "तसं ठामपणे नाही सांगता येत. तिच्यात तो असेलच. पण त्या खोलीनं त्याला खतपाणी घातलं." खतपाणी हा शब्द त्यांनी सहज वापरला. मला मात्र तांदळाचं धुवण आठवलं.

मग बाहेर बाकावर मी आणि वहिनी बसलो. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग खाली बघत म्हणाल्या, "हमीदभाई, खरं सांगा. मी वतलेल्या पाण्यानं झालं का हे?"

खरं सांगायचं तर वाक्य तयार होतं. वहिनी, मीच सांगितलं होतं, चूक माझी. पण मी तसं म्हटलं असतं तरी ओतणारा हात त्यांचा होता. दोन साल, रोज, पोरीसाठी. ती बाई त्या बाकावरून उठली नसती.

मी म्हणालो, "न्हाई वहिनी. पाण्यानं काय होतंय? गवत खराब निघालं. ह्या साली मी भिजलेलं जुनं गाठोडं विकलं, त्यानंच वाढलं. माझंच चुकलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "असं व्हय," आणि आत पोरीकडं गेल्या.

त्यांनी खोली बदलली. नव्या खोलीला समोरासमोर खिडक्या होत्या. मी कूलर नवा बसवून दिला आणि ह्या वेळी नीट बसून समजावलं, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची, घासायची, वाळवायची, पाणी कितीही मोलाचं असलं तरी ते फेकायचं. वैशालीनं पंप ओढत परीक्षा दिली. डॉक्टरकी थोडक्यात हुकली. पुन्हा लातूरला जायचं नाही म्हणाली. आता ती देगलूरकडं एका शाळेत विज्ञान शिकवते, पर्समध्ये पंप असतो.

बळीरामदादांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते फक्त यायचे बंद झाले. अर्धापुरात बातमी पसरली, हमीद मिस्त्री भिजलेलं गवत विकतो. एकेक गिऱ्हाईक तुटलं. बायको म्हणाली, "सच बोल दो ना जी, कायकू बदनामी लेते?" मी तिच्यावर खेकसलो. मला आपण फार मोठा त्याग केला असं वाटत होतं. दुपारी पडल्या पडल्या मी स्वतःलाच शाबासकी द्यायचो. पण झोपेत कूलर चालू झाला की कळायचं, त्या खोट्यात वहिनींची चूक झाकली गेली तशी माझीही झाकली गेली. खराब गवत विकणं ही दुकानदाराची लबाडी. तिला लोक हसतात आणि विसरतात. पण पोटतिडकीनं चुकीचा सल्ला देणं, तोही आपल्याला वैद्य समजून, हे मला कुणापुढं कबूल करायचं नव्हतं. मी ते कधी केलं नाही. ज्यांना ते वाक्य सांगितलं त्या बाकीच्या शंभर घरांत पाणी कसलं ओतलं जातंय, हेसुद्धा जाऊन बघितलं नाही. ह्याची मला लाज वाटते.

प्राध्यापकबाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा हे सोडून बाकी सगळं लिहून काढलं. ते वाचलं आणि मला ते गुळगुळीत वाटलं. म्हणून गेल्या महिन्यात मी बसमध्ये बसलो आणि इतक्या वर्षांनी अर्धापूरला गेलो. दादा बागेत घड उतरवायला गेले होते. वहिनी ओसरीवर होत्या. केस पांढरे झालेले. मला बघून उठल्या, चहा टाकला, दोन केळी पुढं ठेवली.

"वहिनी, त्या गवताचं..." मी सुरुवात केली.

"गवत चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला.

"त्याच गाठोड्यातलं निम्मं ह्यांनी हितल्या कूलरला लावलं व्हतं. परीक्षा झाली, आम्ही घरी आलो, कूलर चालू केला. हितं हिरीचं चांगलं पाणी. उन्हाळाभर वास न्हाई की काही न्हाई. तवाच कळलं मला."

"म्हणजे तुम्हाला त्याच उन्हाळ्यापासून ठाऊक आहे?"

"हाव."

"मग दादांना कामून नाही सांगितलं? माझं नाव गेलं वहिनी. अख्ख्या अर्धापुरात."

त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "ठाऊक हाय. लोक तुम्हाला बोलायचे अन् मी ऐकत बसायची. धीर झाला न्हाई हमीदभाई. पोरगी घरातच व्हती, दिसभर समोर. तिचा श्वास लागला की मी कूलरकडं बघायची, अन् मनात म्हणायची, मिस्त्रीचं गवत खराब व्हतं. तेवढ्यावर मी दिस काढले."

मला राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघं इतकी वर्षं एकाच खोट्याच्या सावलीत बसून होतो आणि एकमेकांना विचारलं नव्हतं. मी त्यांना लिहिण्याचं सांगितलं. नाव बदलतो, गाव बदलतो, म्हटलं.

"बदलू नगा," त्या म्हणाल्या. "रुक्मिणीनं वतलं म्हणून लिहा. लातूरच्या बाईला समदे सांगत्यात पाणी जपून वापर. पाणी फेकून दे म्हणून तिला कोण सांगणार?"

मग त्यांनी कनवटीचा फोन काढला. चष्मा नव्हता, म्हणून डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा शोधला.

"आधी पोरीला सांगते. तिला कागदात वाचून कळाय नगं."

फोन वाजायला लागला. हे मायलेकींचं बोलणं, आपलं इथं काय काम, असं वाटून मी पिशवी उचलली आणि उठलो. वहिनींनी फोन कानाला धरला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी माझी बाही पकडली.

"बसा हमीदभाई," त्या म्हणाल्या. "निम्मं तुमचं हाय."

पलीकडून वैशालीचा आवाज आला, "हां आई, बोल." मी बसलो.